दोन जावा, दोन तऱ्हा

नोकरीतल्या पुष्कळ घटना आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कोणता गुन्हा कोणत्या ठाण्यात असताना घडला, हे सांगतानाही कधीकधी अडखळायला होतं. एक घटना मात्र अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर उभी राहते. तिच्यातल्या कोणाचंही नाव मी इथं लिहिणार नाही. गावाचंही नाही. गाव धाराशिव जिल्ह्यातलं, वाशीकडच्या भागातलं होतं, एवढं पुरे.

मी त्या भागातल्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. मार्च महिना होता. ज्वारी काढून झाली होती आणि शिवारात कडब्याच्या गंजी लागल्या होत्या. सणवार नाही, निवडणूक नाही, त्यामुळे ठाण्यात जरा निवांतपणा होता. ठाणे अंमलदार चहा घ्यायला समोर गेला होता, म्हणून फोन वाजल्यावर मीच उचलला. ठाण्याच्या त्या जुन्या फोनवर समोरचा नंबर दिसत नसे.

बाईचा आवाज होता. कोरडा. घाई नाही, रडणं नाही.

"ऐका, दोनदा सांगणार न्हाय," ती म्हणाली. तिनं गावाचं नाव सांगितलं. "ओढ्याच्या पल्याड रानात पत्र्याची खोली हाय. बाहेरनं कुलूप हाय. आत बाई हाय. जिवंत हाय. दुपारी या. सकाळी न्हाय, सांजच्याला न्हाय. दुपारी गडीमाणसं झोपलेली असत्यात."

मी नाव विचारलं तोवर फोन बंद झाला होता.

निनावी फोन ठाण्याला नवे नसतात. शेजाऱ्याला त्रास द्यायला, जुना राग काढायला लोक फोन करतात. पण खोटी खबर देणारा माणूस गोष्ट फुगवून सांगतो, आरोपीचं नाव आधी घेतो. या बाईनं कोणाचंच नाव घेतलं नव्हतं. फक्त जागा आणि वेळ सांगितली होती. मी स्टेशन डायरीत नोंद केली, आमच्या महिला हवालदार बाईंना आणि दोन शिपायांना सोबत घेतलं, वाटेत शेजारच्या गावातून दोन पंच उचलले आणि भर दुपारी जीप थेट ओढ्याकडे घातली.

खोली होती. पत्र्याच्या भिंती, एका ठिकाणी खालून वाकवलेल्या, वर पत्रा, दाराला बाहेरून कुलूप. उन्हानं पत्र्याला हात लावणं मुश्कील होतं. आवाज दिला, उत्तर नाही. पहारीनं कोयंडा उचकटला. दार उघडल्याबरोबर आतून अर्धी वीट सणसणत आली. शिपायानं मान बाजूला केली म्हणून वाचला.

आत चोवीस-पंचवीस वर्षांची बाई उभी होती. केसांच्या जटा झालेल्या, डावं मनगट सुजलेलं, उजव्या हातात दुसरी वीट तयार. तिला वाटलं होतं, नवरा आला. खाकी कपडे दिसल्यावर तिनं वीट खाली टाकली आणि पहिलं वाक्य बोलली, "पोलीस हाय व्हय? मग लई येळ लावला की!"

हवालदार बाईंनी पाण्याची बाटली पुढं केली. ती अर्धं पाणी प्यायली, अर्धं तिनं डोक्यावर ओतलं आणि हसली. मग जी बोलायला लागली, ती ग्रामीण रुग्णालय येईपर्यंत थांबलीच नाही.

ती त्या घरची धाकटी सून. घरात दोन भाऊ आणि दोघांच्या बायका, एवढीच माणसं. सासूसासरे वारलेले. मी या दोघी जावांना इथं थोरली आणि धाकटी असंच म्हणेन.

धाकटीचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. नवरा पहिल्या महिन्यापासून मारायचा. ती माहेरी गेली, माहेरच्यांनी समजूत घालून परत आणून सोडली. पण ही गप्प बसणारी नव्हती. मारलं की अंगणात येऊन ओरडायची. संक्रांतीनंतर शेजारी हळदीकुंकू होतं. तिथं कुणीतरी तिला म्हणालं, नवऱ्याशी जुळवून घ्यावं, बाईमाणसानं थोडं सोसावं. त्यावर हिनं सगळ्या बायकांसमोर पदर बाजूला करून पाठ उघडी करून दाखवली. "हे बघा जुळवून घेतलेलं!"

त्या दिवसापासून दोघा भावांनी घराच्या अब्रूचा मुद्दा केला. आधी तिला घराबाहेर पडू दिलं नाही. तरी ती खिडकीतून ओरडायची. मग तिला रानातल्या खोलीत नेऊन कोंडलं. गावात सांगितलं, माहेरी गेली. माहेरी फोन करून सांगितलं, आजारी आहे, बोलू शकत नाही. जवळजवळ तीन आठवडे ती तिथं होती.

"इतके दिवस एकटीनं काय केलंत?" हवालदार बाईंनी विचारलं.

"भांडले," धाकटी म्हणाली. "पत्र्याशी. रोज सकाळी उठले की मोठ्यानं भांडण काढायचे. त्यो असं म्हणंल, मग म्या असं म्हणीन. आवाज बसला तवा मनात भांडले. गप बसले असते तर येडी झाले असते, बाई."

डॉक्टरांनी तपासून अहवाल दिला. मनगटाचं हाड मोडून वेडंवाकडं जुळू लागलं होतं. पाठीवर जुने-नवे वळ होते. मी तिचा जबाब घ्यायला बसलो, तर ती रुग्णालयाच्या खोलीत बसायला तयार नव्हती. दार लोटलं की तिचा श्वास चढायचा. हवालदार बाईंनी टेबल उचलून व्हरांड्यात मांडलं. फिर्याद तिथंच, येणाऱ्याजाणाऱ्या माणसांसमोर लिहिली गेली. धाकटीला त्याचं काही वाटत नव्हतं. उलट वाटेनं जाणाऱ्यालाही ती सांगायची, "ऐका, तुमी बी ऐका."

फिर्यादीत तिनं तिघांची नावं घेतली. नवरा, थोरला दीर आणि थोरली जाऊ.

"जाऊ कशी काय?" मी विचारलं.

"रोज भाकरी तीच आणायची साहेब. पत्र्याखालच्या फटीतनं आत सरकवायची. म्या ओरडायचे, अक्का, दार उघड, अक्का, कुणाला तरी सांग. एक शब्द न्हाय. हूं न्हाय की चूं न्हाय. भाकर ठेवायची अन् जायाची. दगड हाय ती, दगड. तिला आधी आत टाका."

गुन्हा दाखल झाला. छळ, मारहाण, बेकायदा डांबून ठेवणं. दोघा भावांना त्याच संध्याकाळी घरून ताब्यात घेतलं. धाकटीच्या नवऱ्याला अटकेचं फारसं काही वाटलं नाही. त्याचं उत्तर तयार होतं.

"साहेब, ती वेडी आहे. डोक्यावर परिणाम झालाय. शहाणी बाई चार बायकांत पाठ उघडी करंल का? तिनं जिवाचं बरंवाईट करून घेऊ नये म्हणून ठेवली होती. आमच्या थोरल्या वहिनीला विचारा. इतकी वर्षं नांदती. कधी एक शब्द घराबाहेर गेलाय का? घर वाईट असतं तर ती बोलली नसती का?"

हे म्हणणं ऐकायला सरळ वाटत होतं आणि गावाला ते पटतही होतं. चौकशी करताना जो भेटेल तो हेच सांगायचा. थोरली म्हणजे गरीब गाय. धाकटी म्हणजे जरा तशीच. माझ्या एका शिपायानंही हळूच विचारलं, "साहेब, एवढं होऊन ही हसती कशी? नवरा म्हणतो तसं काही नसंल ना?"

अत्याचार झालेल्या बाईचं एक चित्र लोकांच्या डोक्यात पक्कं असतं. मान खाली, डोळ्याला पदर, हळू आवाज. त्या चित्रात धाकटी बसत नव्हती, म्हणून ती खोटी ठरत होती. आणि थोरली गप्प होती, म्हणून तिला काही झालेलंच नाही असं धरून सगळे चालले होते. एकीचं बोलणं आणि दुसरीचं न बोलणं, दोन्ही आरोपीच्या कामाला येत होतं.

न्यायालयानं पोलीस कोठडी दिल्यावर मी दोघा भावांना वेगवेगळं बसवलं. आवाज चढवायची गरज पडली नाही. एवढंच विचारलं, ती वेडी होती तर औषध कोणतं चालू होतं?

नवरा म्हणाला, "पांढऱ्या गोळ्या. रात्री द्यायचो."

"कोण द्यायचं?"

"मीच."

थोरल्या भावाला वेगळ्या खोलीत तेच विचारलं. तो म्हणाला, "इंजेक्शन होतं. डॉक्टर येऊन द्यायचे." कोणते डॉक्टर, ते आठवेना. कुठून यायचे, तेही आठवेना. खोलीच्या पंचनाम्यात ना गोळी सापडली होती ना सुई. खोटं दोघांनी मिळून ठरवलं होतं, पण बारकावे ठरवायचे राहून गेले होते. बहुतेक खोट्यांचं असंच होतं.

तरी माझं समाधान होत नव्हतं. औषधाबद्दल खोटं बोलले म्हणून छळ सिद्ध होत नाही. बचावाचा वकील न्यायालयात धाकटीला उभी करून दोन टोचरे प्रश्न विचारणार, ती भडकणार, आणि तो न्यायाधीशांना म्हणणार, बघा, आम्ही सांगत होतो. घराच्या आतला साक्षीदार हवा होता. आणि घराच्या आत उरलं होतं कोण? जिला फिर्यादीनं आरोपी केलं होतं ती थोरली.

महिलेला चौकशीसाठी ठाण्यात बसवून ठेवत नाहीत, तिच्या घरी जाऊन विचारतात. मी आणि हवालदार बाई दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या घरी गेलो. थोरली पस्तिशीची असेल. मूलबाळ नव्हतं. बारीक, उंच, डोक्यावरून पदर. तिनं सतरंजी टाकली, पाणी आणून ठेवलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

मी विचारलं, तुमच्या जावेला कोंडलं होतं हे तुम्हाला माहीत होतं का? उत्तर नाही. तिला मारायचे का? उत्तर नाही. भाकरी कोण सांगायचं न्यायला? तिची नजर माझ्याकडे नव्हतीच. ती सारखी अंगणातल्या दावणीकडे बघत होती. तिथं तीन-चार शेळ्या बांधलेल्या होत्या, आपल्या भागातल्या काळ्याभोर, लांब कानांच्या. त्यातली एक पाय झाडत होती, बसत होती, उठत होती.

"व्यायला झालीय वाटतं," हवालदार बाई म्हणाल्या. त्या शेतकरी घरातल्या होत्या.

थोरलीनं पहिल्यांदा मान हलवली.

"मग जावा की तिच्याकडं. साहेब थांबत्यात."

थोरली गेली. हवालदार बाईही तिच्यामागं गेल्या. करडू आडवं आलं होतं. थोरलीनं बाह्या वर सारल्या, हाताला गोडेतेल लावलं. मी ओसरीच्या कडेला बसून बघत होतो. तिच्या दोन्ही कोपरांच्या वर गोल गोल डाग होते. बिडीचे चटके. जुने, पांढरे पडलेले, काही अलीकडचे. हवालदार बाईंनी ते पाहिले, माझ्याकडे एकदा बघितलं आणि शेळीचं डोकं धरलं.

शेळीनं हिसका दिला. थोरली कोरड्या आवाजात म्हणाली, "नीट धरा. दोनदा सांगणार न्हाय."

मी उठून उभाच राहिलो. तोच आवाज, तेच शब्द.

मी घाई केली नाही. करडू बाहेर आलं, थोरलीनं त्याचं नाक पुसलं, तोंडात फुंकर घातली, ते फुरफुरलं. ती गवताच्या बोळ्यानं त्याचं अंग चोळत बसली. मग मी जवळ जाऊन विचारलं, "बाई, ठाण्यात फोन तुम्हीच केला होता ना?"

ती करडाचं अंग चोळत राहिली. माझ्याकडे वर बघितलं नाही. पण बोलायला लागली.

"व्हय. म्याच केला. गिरणीत दळण टाकायला गेले तवा गिरणीवालीचा मोबाइल घेतला. माहेरी बोलायचं हाय म्हणलं."

"खोलीचा पत्रा खालनं कुणी वाकवला?"

"म्याच. पयल्या दिवशी त्यात हात जात नव्हता. भाकर देऊ नको, नुसतं पाणी दे, असं सांगितलं व्हतं मला. दगडानं ठोकून ठोकून फट केली."

"इतके दिवस का थांबलात?"

"बघत व्हते. कोण कवा झोपतं, कोण कवा रानात जातं, किल्ली कुणाच्या कडोसरीला असती. घाई केली असती तर एकच डाव मिळाला असता अन् तो बी गेला असता." तिनं करडू दुसऱ्या कुशीवर वळवलं. "म्या अशीच राहिले साहेब इतकी वर्षं. पायाच्या वाजण्यावरनं कळतं मला, आज कसं हाय ते."

हवालदार बाईंनी विचारलं, "अहो ताई, मग तिच्याशी एक शब्द तरी बोलायचा. ती तुमच्या नावानं आरोप लिहून देऊन बसलीय."

थोरलीच्या चेहऱ्यावर मी तेव्हा पहिल्यांदा हसू पाहिलं. अगदी बारीक.

"तिला सांगितलं असतं, पोलीस येणार हायेत, तर तिनं त्याच दिवशी नवऱ्याच्या तोंडावर सांगितलं असतं. तिच्या पोटात ऱ्हात न्हाय. लई सरळ हाय ती."

थोरलीचा सविस्तर जबाब झाला. किती वेळा, कोणत्या वस्तूनं, कुठं मारलं, कोण हजर होतं, सगळं तिनं सांगितलं. एकही शब्द जास्त नाही. जबाब संपल्यावर हवालदार बाई म्हणाल्या, "ताई, हे तिचं झालं. तुमच्या हातावरचं पण लिहून घेऊ का?"

"आधी तिचं होऊ द्या," ती म्हणाली आणि उठली.

त्या दिवशी दुपारी आम्ही थोरलीला रुग्णालयात घेऊन गेलो. धाकटी व्हरांड्यातच बसली होती. जावेला बघताच तिचा आवाज चढला. "हिला कशाला आणलं? हिला बघायचं न्हाय मला!"

मी तिला सांगितलं, ठाण्यात फोन कोणी केला ते. भाकर द्यायचीच नाही असा तिला हुकूम होता, तेही.

ती ताडकन उठली. मग थोरलीवर धावून गेली, तिचे दोन्ही खांदे धरून हलवू लागली. "मग मला का न्हाय सांगितलंस? अगं एक शब्द! म्या तिथं मरत व्हते, एक शब्द बोलली असतीस तर?"

"बोलले असते तर तू गप बसली असतीस व्हय?" थोरली म्हणाली.

धाकटीनं तिचे खांदे सोडले. मग ती हसायला लागली. हसता हसता तिचं रडणं सुरू झालं. खोलीतून बाहेर काढल्यापासून ती रडली नव्हती. थोरली काठीसारखी ताठ उभी होती. तिला जवळ घ्यायचं कसं, हे तिला सुचत नव्हतं. शेवटी ती खाली बसली, धाकटीचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिच्या जटांमधला गुंता बोटांनी सोडवू लागली. बराच वेळ. एक शब्द न बोलता.

गुन्ह्याचा तपास तिथं पूर्ण झाला असं म्हणता येईल. धाकटीनं पुरवणी जबाब देऊन जावेचं नाव मागं घेतलं. दोघींचे जबाब दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवून घेतले. दोषारोपपत्र पाठवण्याच्या आधी थोरली एकटी ठाण्यात आली, हवालदार बाईंसमोर बसली आणि म्हणाली, "आता माझं लिवा." तिच्या नवऱ्यावर वेगळा गुन्हा दाखल झाला.

पण खरं सांगायचं तर मी जे शिकलो, ते तपास संपल्यानंतरच्या काळात. दोघींची सोय जिल्ह्याच्या ठिकाणी एका निवारा केंद्रात झाली होती. तारखांच्या निमित्तानं आमचं जाणंयेणं असायचं. तिथल्या समुपदेशक बाई दर आठवड्याला सगळ्या बायकांना गोल बसवून बोलतं करायच्या. धाकटी इतकी बोलायची की दुसऱ्या कुणाला पाळीच मिळत नसे. थोरली उठून अंगण झाडायला जायची. समुपदेशक बाई शहाण्या होत्या. त्यांनी थोरलीला गोलात ओढलं नाही. केंद्राच्या मागची रिकामी जागा तिला दिली. तिनं तिथं मेथी आणि कोथिंबीर लावली. काही दिवसांनी त्या बाई वाफ्याशेजारी बसू लागल्या. थोरली पाणी देता देता एखादं वाक्य बोलायची. आठवड्याला चार वाक्यं म्हणजे तिचं खूप झालं.

सगळं सुरळीत होतं असं नाही. धाकटी दार लावून झोपू शकत नसे. दुकानदारानं जरा आवाज चढवला की त्याच्या अंगावर जायची, मग स्वतःच रस्त्याच्या कडेला बसून राहायची. थोरलीचं डोकं दुखायचं, भांडं पडलं तरी दचकून भिंतीला लागायची. एक मोठ्यानं कोसळायची आणि एक मनातल्या मनात. पण गंमत अशी की दोघी एकमेकींना बरोबर ओळखून होत्या. धाकटी भडकली की थोरली तिच्या हातात खुरपं द्यायची. थोरली दोन दिवस गप्प राहिली की धाकटी तिच्यासमोर बसून इतकी बडबड करायची, की शेवटी वैतागून का होईना, थोरली म्हणायची, "गप की गं आता." आणि तिचं बोलणं सुरू व्हायचं.

थोरलीच्या शेळ्या माहेरून आलेल्या होत्या. सासरचे भाऊबंद त्या देईनात. न्यायालयात अर्ज केला, आदेश मिळाला, आणि हवालदार बाईंनी बंदोबस्तात त्या शेळ्या टेम्पोत घालून आणल्या. दोघींनी तामलवाडीच्या बाजूला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. मागं गोठा. थोरली शेळ्या बघू लागली. धाकटीला एका दुकानात काम मिळालं होतं, ते तिनं आठ दिवसांत सोडलं. शटर अर्धं खाली असायचं, तिला सोसायचं नाही. मग तिनं रिक्षा शिकायचं ठरवलं.

"रिक्षाच का?" मी विचारलं होतं.

"रिक्षाला दार नसतं साहेब," ती म्हणाली. "अन् मागं रोज नवी माणसं. बोलायला."

खटला उभा राहायला वेळ लागला. साक्षीच्या दिवशी वकिलानं अपेक्षेप्रमाणं धाकटीला डिवचलं. "तुम्ही जरा जास्तच बोलता, नाही का?"

मी मागच्या बाकावर बसलो होतो. मला वाटलं, आता भडकते. तिनं दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरला आणि म्हणाली, "व्हय साहेब. म्हणूनच जिवंत हाय."

थोरलीचा उलटतपास पाऊण दिवस चालला. वकिलानं प्रश्न फिरवून फिरवून विचारले. तिनं प्रत्येक प्रश्नाला एकेक वाक्य दिलं. "इतकी वर्षं गप्प होता, मग आत्ताच कसं सुचलं?" या प्रश्नाला ती म्हणाली, "गप व्हते. आंधळी नव्हते." वकिलानं उलटतपास तिथंच संपवला.

दोघा भावांना शिक्षा झाली. निकाल लागला तेव्हा मी निवृत्त झालो होतो. वरच्या न्यायालयात अपील चालू आहे, पण त्या दोघी आता त्या तारखांवर आपलं आयुष्य टांगून बसलेल्या नाहीत.

मागच्या वर्षी तुळजापूरला देवीच्या दर्शनाला गेलो होतो. परत येताना तामलवाडीत थांबलो. सकाळची वेळ होती. धाकटी घरीच होती, रिक्षा दारात. थोरलीनं चहा टाकला. आत कोपऱ्यात एक अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी भिंतीकडे तोंड करून झोपली होती. आमच्या हवालदार बाई आता दुसऱ्या ठाण्यात आहेत. त्यांनीच तिला आणून सोडलं होतं. सासरी जाळायचा प्रयत्न झाला होता, त्यातून ती वाचली होती. केंद्रात जागा होईपर्यंत इथं राहणार होती.

"काय म्हणते?" मी हळू आवाजात विचारलं.

"काय न्हाय म्हणत," धाकटी कुजबुजली. तिला कुजबुजताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "म्या पयल्या दिवशी लई बोलले तिच्याशी. माझं सगळं सांगितलं. पण तिचं ध्यानच न्हाय. अक्कानं तिला कोथिंबीर निवडायला बसवलं. ते बी तिनं केलं न्हाय. आल्यापास्नं झोपलीच हाय. जेवती अन् झोपती."

"झोपणारी हाय ती," थोरली म्हणाली. "तिचं तसं असंल. झोपू द्या."

एवढंच ती म्हणाली. पस्तीस वर्षांच्या नोकरीत अशा बायकांना मी कितीदा सांगितलं असेल, रडून मोकळ्या व्हा, किंवा धीर धरा, विसरून जा. सांगण्यात वाईट हेतू कधीच नव्हता. पण समोरची बाई मुळात कशी आहे, ती कशानं उभी राहील, हे आधी बघावं लागतं, ते या दोघींकडून कळलं. बोलणारीला ऐकणारा द्यावा. गप्प राहणारीला काम द्यावं आणि तिच्याजवळ बसावं. आणि झोपणारी असेल तर पांघरूण घालून दार पुढं करावं. धीर प्रत्येकीकडे असतोच. तो तिच्या स्वभावाच्या वाटेनं वर येतो, आपल्या सांगण्यानं येत नाही.

चहा झाला. धाकटीला तुळजापूरला जायचं होतं, भाविकांची वेळ झाली होती. मीही निघालो. तिनं रिक्षात किल्ली लावली, पण फिरवली नाही. खाली उतरली आणि पाठीमागून रिक्षा ढकलायला लागली.

"काय झालं? बंद पडली?" मी विचारलं.

तिनं ओठावर बोट ठेवलं आणि घराकडे मान हलवली. "आवाज लई करती ही. पोरगी जागी व्हईल."

मी चपला नीट केल्या आणि दुसऱ्या बाजूनं हात लावला. रस्त्याच्या कडेपर्यंत आम्ही दोघांनी ती रिक्षा हळूहळू, न बोलता ढकलत नेली.